फक्त केस आणि हवामान

जगात कुठेही नवा नियम निघाला, की तो आधी आपल्याला कळतो आणि मग सरकारला, असं रेडिओराव छातीठोकपणे सांगत. रेडिओराव म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. माणूस खुर्चीत टेकला रे टेकला की प्रक्षेपण सुरू. एका गावात म्हणे बदकं रस्ता ओलांडेपर्यंत हॉर्न वाजवायला बंदी. दुसरीकडे लिफ्टमध्ये शीळ घातली की दंड. असले नियम ते मोबाइलवरून हुडकून काढत आणि वस्तरा हवेत धरून ऐकवत. समोर वस्तरा असल्यावर सगळ्यांनाच पटत.

त्या दिवशी सकाळी मात्र असा नियम सापडला, की हातातला चहा गार झाला.

"सलूनमधल्या कारागिराने गिऱ्हाइकाशी फक्त केस आणि हवामान याच विषयांवर बोलावं," त्यांनी वाचून दाखवलं. "तपासनीस गिऱ्हाईक बनून येणार. जास्त बोललात तर दुकानाला टाळं."

"देव पावला," बायको म्हणाली. "आजपासूनच आहे ना?"

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. संध्याकाळी पाहुणे येणार आहेत, तेवढं लक्षात ठेवा."

हे पाहुणे म्हणजे मुलीचं सगळं भवितव्य. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा गुणी, पण वडिलांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. वडील हो म्हणाले तर लग्न, नाही तर सगळं संपलं. मुलगा एकदा घरी येऊन गेला होता. रेडिओरावांनी त्याला दारातच गाठलं आणि पोरगं उभ्या उभ्या अर्ध्या जगाचे कायदे ऐकून, पाणीसुद्धा न पिता परत गेलं.

"बाबा, संध्याकाळी त्यांना बोलू द्या हं," ती निघताना म्हणाली. तिचा आवाज ऐकून रेडिओरावांना वाईट वाटलं, पण नेमकं कशाचं ते कळलं नाही.

दुकानात त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने "घरी सगळं ठीक आहे ना?" असं दोनदा विचारलं. दुसऱ्याने तर जाताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुपारपर्यंत बिचाऱ्यांचा जीव नुसता घुसमटून गेला.

तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बसण्याआधी त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, खुर्ची वर करायचा दांडा दोनदा दाबला आणि "तेल घातलेलं दिसत नाही," असं म्हणाले.

रेडिओरावांच्या पायाखालची जमीन सरकली. तपासनीस तो हाच.

"दाढी करा," गृहस्थ म्हणाले. "काय, धंदा कसा चाललाय?"

"ऊन फार आहे," रेडिओराव म्हणाले.

"घरी कोण कोण असतं?"

हा तर उघडउघड सापळा. रेडिओरावांनी फेस जरा जास्तच काढला. "दाट आहेत," ते म्हणाले. "म्हणजे केस."

"मुलगी आहे ना तुम्हाला? कशी आहे स्वभावाने?"

मुलीबद्दल कुणी विचारलं की रेडिओराव एरवी तिच्या पहिल्या दातापासून सुरुवात करत. सगळं जिभेच्या टोकावर आलं. पण दुकानाला टाळं लागलं तर लग्न कशाच्या जिवावर करायचं? त्यांनी ब्रश पुन्हा फेसात बुडवला.

"उद्या ढग येतील," ते म्हणाले.

गृहस्थांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठ टेकली, डोळे मिटले आणि स्वतःच बोलू लागले. गुडघेदुखीवर बोलले, न ऐकणाऱ्या धाकट्या भावावर बोलले, हल्लीच्या स्विचबोर्डांवर तर फारच बोलले. रेडिओराव मधूनमधून "वारा सुटलाय" म्हणत. दाढी केव्हाच झाली होती, पण थांबवायचं कसं? ते नियमात लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी ते घरी आले ते विजयी मुद्रेने. "आज तपासनिसाला असा चकवलाय म्हणून सांगू!" मुलीने त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि बातमी शेवटपर्यंत वाचली. बातमी शेवटपर्यंत वाचायची असते, हे रेडिओरावांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"बाबा, हा नियम समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी गावचा आहे. तिथलाही रद्द झालाय."

दिवसभर तुंबलेलं सगळं बोलणं रेडिओरावांच्या ओठांवर आलं. मुलीचा चेहरा पांढरा पडला, कारण तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं, तर समोर मुलगा, त्याची आई आणि दुपारसारखाच पेन खिशाला लावलेले ते गृहस्थ.

"हे माझे बाबा," मुलगा म्हणाला. "लिफ्ट दुरुस्त करायचे. अजूनही काही वर-खाली होताना दिसलं की तपासतात."

रेडिओराव भिंतीला टेकले. या माणसाने मुलीबद्दल विचारलं होतं आणि आपण त्याला ढग ऐकवले होते. सगळं आपल्याच हाताने घालवलं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

"माणूस त्याच्या कामावर बघावा, म्हणून न सांगता येऊन गेलो," गृहस्थ सोफ्यावर बसत म्हणाले. "माफ करा हं. पण खरं सांगू? आमच्या घरात सगळेच बोलणारे. मी तोंड उघडलं की कुणीतरी वाक्य पुरं करून टाकतं. आज कित्येक वर्षांनी कुणी माझं निमूटपणे ऐकून घेतलं. मुलीचं कौतुकसुद्धा स्वतःच्या तोंडाने केलं नाही यांनी. असा अबोल व्याही शोधून सापडायचा नाही. आमचा होकार समजा."

मुलगी रडायलाच लागली, हसत हसत. रेडिओराव पुढे सरसावले. खरं काय ते सांगायलाच हवं होतं, शिवाय व्याह्यांना बदकांचंही ऐकवायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

बायकोने त्यात अख्खं बिस्किट कोंबलं. "स्वभावच आहे त्यांचा," ती पाहुण्यांना म्हणाली. "फार कमी बोलतात."

"छान," व्याही म्हणाले. "मग लग्न सहा महिन्यांनी करू. आणि दाढीला मी रोज दुकानात येतच जाईन."