अज्ञात खाणकामगाराचे बूट

कोणतीही वस्तू मौल्यवान व्हायची तर आधी तिचा उपयोग बंद पडावा लागतो. आमची पोलंडमधल्या सिलेशियातली कोळशाची खाण चालू होती तेव्हा गाव तिला शिव्या घालत असे. बंद पडली आणि तिचा वारसा झाला. आता युरोपभरातून लोक येतात, हेल्मेट चढवतात आणि अंधाराचं कौतुक करतात. (अंधार जुनाच आहे. तो नीट दिसावा म्हणून दिवे मात्र नवे बसवलेत.)

सर्वांत लोकप्रिय दालन म्हणजे कामगारांचं न्हाणीघर. खाणीत उतरण्यापूर्वी माणूस घरचे कपडे आकड्याला अडकवी, साखळीनं छतापर्यंत ओढी आणि साखळीला खाली कुलूप लावी. शेवटच्या पाळीला, समारंभ म्हणून, माझे सासरे अलोइझ लग्नातले बूट घालून गेले. वर आले तर खाणीच्या तोंडाशीच बँड आणि बिअर. सगळे तसेच काळ्या तोंडानं नाचत घरी आले. कपडे काय, उद्या आणू. उद्या फाटकाला सील होतं.

बूट अजून वरच लटकतात. खाली पाटी आहे : ‘अज्ञात खाणकामगाराचे बूट’.

रविवारी माझ्या यादविगाचा बाप्तिस्मा होता. नातीला चर्चमध्ये न्यायचं ते त्याच बुटांत, हा सासऱ्यांचा हट्ट. म्हणून तान्हीला पोटाशी बांधून मीही त्यांच्याबरोबर गेले.

“अज्ञात कसला? हा काय मी उभा आहे,” सासरे म्हणाले.

संचालिका कालिनोव्स्काबाई स्वभावानं गोड. “काका, तुम्ही ज्ञात झालात तर पाटी बदलावी लागेल. लोक त्या ‘अज्ञात’पाशीच तर रडतात.”

“मग दुसरे टांगा. हिच्या नवऱ्याचे देतो. त्यांच्या वासानंही रडतील.”

नियम स्वच्छ आहे. वारसा फक्त वारसांना परत करता येतो, आणि वारस व्हायला कुणीतरी मरावं लागतं. तब्येत सांभाळून सासऱ्यांनी स्वतःचंच नुकसान करून घेतलं होतं.

“रविवारपर्यंत जमेलसं वाटत नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून कुलपाची किल्ली काढली. घराच्या किल्लीच्या जोडीनं इतकी वर्षं वागवलेली. बाईंचे डोळे भरून आले. हातमोजे चढवून त्यांनी ती अलगद काढून घेतली, पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या आणि सासऱ्यांचा सत्कार झाला. किल्ली आता काचेच्या पेटीत आहे. (अज्ञात खाणकामगाराची.)

रविवारी सासरे खाणीतल्याच जाड बुटांनी चर्चमध्ये शिरले. दगडी फरशीवर खाडखाड वाजलं आणि त्यांच्या हातातली यादविगा आयुष्यात पहिल्यांदा खुदकन हसली. मी रडले, पण त्याला पाटी नव्हती.

हल्ली सासरे रोज तिथे जाऊन बुटांखालच्या बाकावर बसतात. गेल्या उन्हाळ्यात तुम्हीही येऊन गेलात. तुमचा फोटो पाहिला, सुरेख आलाय. त्यात सासरे नाहीत, कारण तुम्हीच अदबीनं म्हणाला होतात, “काका, जरा बाजूला सरकता का? बूट नीट येत नाहीत.”