नाक्यावर मिळालेला मामा

संत्री गारठत होती आणि ओराल्बायला काही सुचत नव्हतं. चीनचा नाका मागे पडला होता, कझाकांचा अजून यायचा होता, आणि मधल्या कुणाच्याच नसलेल्या पट्ट्यात ट्रकांची रांग बर्फात रुतून बसली होती. नवं वर्ष दारात उभं होतं आणि संत्र्यांशिवाय ते घरात घ्यायची रीत नाही. गोठलेलं संत्रं वरून साजरं दिसतं, पण जरा ऊब लागली की त्याचा चिखल होतो. "माल गोठला तर पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं व्यापाऱ्याने निघतानाच बजावलं होतं. मागच्या डब्याला ऊब देणारं यंत्र अजून घरघरत होतं, पण टाकीतलं डिझेल तळाला चाललं होतं आणि जे होतं तेही थिजून सायीसारखं झालं होतं.

पुढच्या ट्रकमधला काकिमबेक चहा प्यायला त्याच्या केबिनमध्ये चढला.

"नुसता बसून काय राहिलायस?" त्याने विचारलं.

"मग काय नाचू?"

"अरे, नाक्यावर तुरार साहेब आहे. नातं काढ. सात पिढ्यांचे आजे मोजले की कुठेतरी गाठ पडतेच."

"आणि नाही पडली तर?"

"तर पाड!"

ओराल्बायला तेवढं पुरे होतं. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी कानांवर ओढून तो बर्फ तुडवत नाक्यावर पोहोचला.

तुरार हा आडव्या बांध्याचा, कधी न हसणारा अधिकारी. काचेआडून त्याने विचारलं, "कूळ कुठलं?"

"अर्गिन."

"मी नैमान. रांगेत जा."

"आणि आई?"

"आई अर्गिनांची. पण तिचं माहेर कुणालाच ठाऊक नाही. दुष्काळात कुणीतरी तान्ही आणून सोडली. कुळाचं नाव तेवढं राहिलं."

इथे ओराल्बायने लांबचा मावसभाऊ होण्यावर भागवलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मोठेपणाची हाव वाईट. त्याने छाती पिटली आणि टाहो फोडला, "अरे, माझ्या चुलत्याची हरवलेली पोर ती! मी तुझा मामा!" आणि त्याने घडाघडा सात आजे म्हणून दाखवले. पहिले तीन खरे होते. सातव्याचं नाव त्याने एका टायरच्या दुकानाच्या पाटीवरून उचललं होतं.

तुरारच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तो काचेआडून बाहेर आला आणि त्याने ओराल्बायला असं कवटाळलं की बरगड्या वाजल्या. "मामा! जन्मभर मला मामा नव्हता!" नाक्याची आडवी दांडी वर गेली. ओराल्बायचा ट्रक साऱ्या रांगेच्या शेजारून डौलात पुढे आला आणि काकिमबेक तोंडाचा आ करून बघत राहिला.

ट्रक तपासणीच्या छपराखाली आल्यावर तुरार म्हणाला, "मामा, आता माझ्या तीन गोष्टी."

ओराल्बायने कपाळावर हात मारून घेतला. भाच्याने मामाकडे तीन गोष्टी मागायच्या आणि मामाने त्या मुकाट द्यायच्या, ही रीत त्याला ठाऊक नव्हती असं थोडंच! त्याच्या सख्ख्या भाच्यांनी त्याला केव्हाच सोलून काढलं होतं. पण संत्र्यांच्या काळजीत ते ध्यानातच आलं नाही. भाच्याला नाही म्हणणाऱ्याचे हात कायमचे थरथरू लागतात म्हणतात, आणि ट्रक चालवणाऱ्याला ते परवडणारं नव्हतं.

"माझ्या वर्गातल्या पोरांना मामाकडून शिंगरू मिळायचं, कुणाला कुत्रा," तुरार हळवा होऊन म्हणाला. "मी आपला घरी येऊन रडायचो. मामा, ती टोपी द्या."

टोपी गेली.

"आणि ती तुमची बसायची खुर्ची. कशी मऊ हलते! दिवसभर लाकडी स्टुलावर बसून माझी कंबर गेलीय."

"अरे, चालवायची खुर्ची आहे ती! मी कशावर बसू?"

"मामा, तुमच्याकडे पेट्या भरपूर आहेत."

दोन शिपायांनी बोल्ट खोलून खुर्ची काढली आणि काचेआड नेऊन ठेवली. तिच्या जागी ओराल्बायने संत्र्यांची पेटी पालथी घातली. मग मात्र त्याचा धीर सुटला. "तुरार, खरं सांगतो, मी तुझा कुणी नाही. थाप मारली."

तुरारने पहिल्यांदाच दात दाखवले. "द्यायची वेळ आली की सगळे मामा असंच म्हणतात, असं ऐकलं होतं. आज पाहिलं!" शिपायांनाही हसू आवरेना.

तेवढ्यात तुरारची आई कुल्पाश आली. नाक्याला लागूनच घर. लेकाने फोन केल्यावर म्हातारी लोकरीच्या नमद्याचे बूट चढवून तशीच पळत निघाली होती. तिने ओराल्बायचं तोंड दोन्ही हातांत धरलं, या बाजूने त्या बाजूने वळवून पाहिलं आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला.

"इतकी वर्षं कुठे मेला होतास रे?"

ओराल्बाय पाठ चोळू लागला. "रस्त्यातच होतो, अक्का," तो म्हणाला, आणि ते एका परीने खरंच होतं.

"भाऊ आलाय. मेंढा कापा!"

"अक्का, माल गोठतोय..."

"गप रे. बहिणीच्या दारावरून न जेवता गेलास तर लोक मला काय म्हणतील?"

मेंढा कापला, शिजला. पाहुण्याचा मान म्हणून त्याच्यापुढे मेंढ्याचं मुंडकं आलं. ओराल्बायने एका डोळ्याने मुंडक्याकडे आणि दुसऱ्याने खिडकीतून ट्रककडे बघत चार घास गिळले. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा बाहेरची घरघर थांबली. डिझेल संपलं होतं.

तो उठून धावला. पण कुल्पाशच्या घरात अडचणीला घाबरणारं कुणी नव्हतं. भावाला रिकाम्या हाताने कोण पाठवतं? तिने आधीच एक उंटीण काढून ठेवली होती, दोन वशिंडांची, अंगावर हातभर लोकर. "घाल आत," ती म्हणाली. "भेटही झाली आणि शेगडीही झाली." पेट्या एका बाजूला सरकवून उंटिणीला रेटून आत बसवलं. खरोखरच थोड्या वेळात डब्यात गोठ्यासारखी ऊब आली. उंटिणीने शांतपणे जवळची पेटी फोडली आणि संत्री सालासकट चघळायला घेतली.

आता तपासणी. तुरारने मामाची टोपी काढून ठेवली, सरकारी टोपी चढवली आणि त्याचा चेहरा पुन्हा दगडी झाला. "कागदात संत्री लिहिली आहेत. ही कोण?"

"तुझ्या आईची उंटीण!"

"ट्रक चीनमधून आला. म्हणजे उंटीण चीनमधून आली. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला?"

"अरे मेल्या, तुझ्यासमोर जन्मली ती!" कुल्पाश कडाडली.

"ते घरी, आई. इथे ती परदेशी आहे."

"भाऊ उंटिणीशिवाय जाणार नाही."

"उंटिणीसकट जाऊ देणार नाही."

आई दांडीच्या एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बोडक्या डोक्याचा ओराल्बाय. मागून रांगेतले ट्रक भोंगे वाजवू लागले. आत उंटीण दुसऱ्या पेटीकडे वळली होती. ओराल्बायने ते पाहिलं आणि तो भाच्याच्या कानाशी लागला. "गाढवा, तुझी तिसरी गोष्ट राहिलीय ना? उंटीण माग!"

तुरारने सरकारी टोपी काढली. "मामा, मला ही उंटीण हवी."

"घे रे बाबा, घे!"

उंटीण उतरून पाच पावलांवरच्या आपल्या गोठ्यात गेली. कागदात नुसती संत्री उरली. तुरारने शिक्का मारला.

"बरं," कुल्पाश म्हणाली, "मग मीच येते."

"कुठे, अक्का?"

"माहेरी! लेकी म्हाताऱ्या होऊन मरतात, पण एकदा तरी माहेरी जाऊन येतात. माझं राहिलंय. आता भाऊ घ्यायला आलाय, तर बसून काय राहू?" तिचं बोचकं बांधलेलंच होतं, आणि ती केबिनमध्ये चढलीसुद्धा.

आई प्रवासाला निघाली म्हटल्यावर तुरार आणि त्याचे भाऊ कामाला लागले. एकाने ट्रॅक्टरचं डिझेल उपसलं, दुसऱ्याने त्यात रॉकेल ओतून ते पातळ केलं आणि तुरारने पुढच्या साऱ्या चौक्यांना फोन करून आई येतेय म्हणून बजावलं. डबा पुन्हा घरघरू लागला. जिथे एरवी तास तास खोळंबा व्हायचा, तिथे दांड्या आधीच वर होत्या. ओराल्बाय पेटीवर टेकून चालवत होता आणि संत्री उबेत शहराकडे निघाली होती. त्याची काळजी आता वेगळीच होती.

त्याने बायकोला फोन लावला. "सालिका, माझी बहीण येतेय."

"तुला बहीण नाही."

"सापडली."

"मोठी की धाकटी?"

"मोठी."

"म्हणजे मला नणंद? या वयात? तू आधी एकटा आत ये, मला तुझ्याशी बोलायचंय."

"कोण, भावजय का?" कुल्पाशने फोन हिसकावला. बराच वेळ दोघी एकदम बोलत होत्या, मग एकेक करून, मग हसत. फोन परत देत ती म्हणाली, "तोंडाळ आहे. पण चांगली आहे. मांसाचं पातेलं चढवते म्हणाली."

रस्ता मोकळा होता. म्हातारी बोचकं मांडीवर घेऊन पुढे वाकून बघत होती, जणू प्रत्येक वळणाआड घरच दिसणार होतं. ओराल्बायला राहवेना.

"अक्का, एक सांगायचं होतं."

"सांग की. पण आधी मला एक सांग. आपल्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे रे? मी फार लहान होते, मला काही आठवत नाही."

ओराल्बायने गाडीचा वेग थोडा कमी केला.

"पूर्वेला, अक्का," तो म्हणाला. "सकाळचं ऊन थेट घरात येतं."