पॅलेसवाले अप्पा

तुमच्या डोक्यावर कुणी गच्चीवरून तुरीची टरफलं उधळली आहेत का? माझ्या डोक्यावर उधळली आहेत, आणि तीही पूर्ण शाही इतमामात.

हा मान मला शिवलिंगप्पांनी दिला. लातुरात एसटी स्टँडामागे माझं सायकलचं दुकान आणि त्याला चिकटून अप्पांचं 'पॅलेस लॉज'. खोल्या चार, नळ एक, तोही कोरडा, आणि दारात फेटा बांधून स्वतः अप्पा. म्हैसूरकडे एका राजवाड्याचं मोठं हॉटेल झालं होतं, तिथे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. पाहुणा आला की तिथे सज्जातून गुलाबपाकळ्या पडत. इथे दुष्काळ. माणसांना प्यायला पाणी नाही, तर गुलाब कुठून आणायचा? पण दालमिलला काय तोटा! अप्पा पोतंभर टरफलं आणून ठेवत. गिऱ्हाइकाला उंबऱ्यात मुजरा केला की स्वतःच धापा टाकत गच्चीवर पळत आणि वरून ओंजळी रिकाम्या करत. बियाणं विकणारा एक गृहस्थ शिंकत शिंकत आल्या पावली स्टँडवर गेला. अप्पा त्याच्यामागे धावले. म्हणाले, "हुजूर, रिवाज हाय ह्यो. आणखी एक ओंजळ ऱ्हायली."

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, आणि साहेबांना राहायला जागा नाही. लॉज भरलं. अप्पांच्या अंगात तर राजवाडाच संचारला. प्रत्येक वाक्य "आमच्या पॅलेसात" इथून निघायचं. झुंबर एवढं, की पुसायला चार माणसं वर चढत. जिना इतका गुळगुळीत, की राणीसाहेबसुद्धा कठड्याला धरून उतरत. जेवणाचं टेबल एवढं लांब, की या टोकाला वाढलेली खीर त्या टोकाला पोचेपर्यंत गार. साहेब लोक हातातला चहा विसरून ऐकत.

ऐकत नसत त्या एकट्या गौराक्का, अप्पांची बायको. स्वयंपाक, चादरी, टँकरची रांग, सगळं त्यांच्या अंगावर. एकदा अक्का सकाळपासून उन्हात उभ्या राहून दोन घागरी घेऊन आल्या आणि अप्पांनी त्या एका धुळीनं माखलेल्या साहेबाच्या 'शाही स्नाना'त ओतल्या. अक्कांनी रिकामी घागर दारात पालथी घातली आणि निलंग्याची गाडी पकडली. माहेरी.

अप्पा आधी ताठ होते. मग भात करपला, साहेब कुरकुरले, दोन खोल्या रिकाम्या झाल्या. फेटाही वाकडा बसू लागला; बांधताना दुसरं टोक अक्का धरायच्या, हे मला तेव्हा कळलं. शेवटी दुकानात येऊन म्हणाले, "मालक, निलंग्याला चला. ती माझं ऐकायची न्हाई, आन् तिच्याबिगर मला तिथं ऱ्हावत न्हाई."

गेलो. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी मोठ्या थाटात समजुतीचं भाषण केलं. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं आणि मग माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "मालक, नवं लगीन झालं तवा मी ह्यांच्या पॅलेसला गेलते. गेटवरच्यानं सोडलं न्हाई. हे तिकडं दारात हुबे, मला दिसत हुते. दिसभर मी भाईर लिंबाखाली बसले. साऱ्या लातूरला ह्यांनी आत फिरवून आणलं. मला कंदी सांगितलं न्हाई आत काय हाय ते."

आता "आमच्या पॅलेसात" सुरू होणार म्हणून मी सावरून बसलो. अप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"काय सांगू, गौरा? मी दरवान हुतो. दरवानाला आत जायची मनाई. पाव्हण्यासाठी दार उघडायचो, तवा दिसंल तेवढंच बघायचो. बाकी लोकास्नी सांगता सांगता सुचत गेलं. तुझ्यापुढं जीभ रेटली न्हाई."

अक्कांचा हात शेंगेवर थांबला. मी मनातल्या मनात ते चार माणसांचं झुंबर हळूच खाली उतरवत होतो.

"म्हंजी आपुन दोघं बी भाईरच हुतो," अक्का म्हणाल्या. मग पदर झटकून उठल्या आणि पिशवी आणायला आत गेल्या.