खोक्यातले आगाशे

श्याम आगाशांनी आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतःच्या डोक्याने घेतले होते, आणि ते सगळे शेवटी सुनेत्राला निस्तरावे लागले होते. हा निर्णय तर अगदीच किरकोळ होता.

त्यांच्या कुत्रीची, आमसुलीची (रंग काळपट लाल, म्हणून आमसुली) नसबंदी झाली. टाके दाखवून डॉ. शमिका म्हणाल्या, "दहा दिवस हिला इथे तोंड लावू द्यायचं नाही. चाटून टाके उसवले तर पुन्हा भूल आणि पुन्हा ऑपरेशन. गळ्यात घालायची ही प्लास्टिकची कॉलर घेऊन जा."

"छे हो, कशाला?" आगाशे म्हणाले. "घरी आंब्याचे खोके पडलेत ढीगभर. पुठ्ठ्याची करतो मी."

सुनेत्राने पर्स काढून बिल भागवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की बायका अशा वेळी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला पोफळीला बहिणीकडे साखरपुड्याला जायचं होतं. निघताना तिने विचारलं, "जमेल ना?"

"अगो, एक दिवस कुत्री सांभाळायची! ऑफिसात अख्खं आवक-जावक सांभाळतो मी."

(आवक-जावकात कोणी स्वतःला चाटत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला दुपार झाली.)

सकाळभर आमसुली भुलीच्या गुंगीत होती. जाग आल्याबरोबर तिने मान वळवून टाक्यांकडे पाहिलं. आगाशांनी लगबगीने खोका काढला. आंबेवाल्या भागोजीने पावस गावाहून त्यातून कैऱ्या आणल्या होत्या, त्यामुळे आतून चिकाने काळा झालेला, पण पुठ्ठा मजबूत. त्याचा मोठा नरसाळ्यासारखा घेर करून त्यांनी तो आमसुलीच्या गळ्यात घातला. तिने पायाने ओढून काढला. पुन्हा घातला, तिने पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी ती कॉटखाली गेली आणि येईना.

"भ्यालीस होय?" आगाशे कळवळले. त्यांना एकदम आठवलं, की मुलगा शौनक लहान असताना कडू औषध आधी आपण चाटून दाखवावं लागे, मगच तो घेई. त्यांनी तो पुठ्ठा आपल्या गळ्याभोवती गुंडाळला आणि पॅकिंगची चिकटपट्टी गरागरा फिरवली. नीट बसावी म्हणून पाच वेढे दिले.

"बघ, काही होत नाही!"

आमसुली कॉटखालून बाहेर आली. समोर बसली आणि कान टवकारून त्यांच्याकडे एकटक बघू लागली. टाके ती साफ विसरली होती. आगाशांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग पुठ्ठा सोडवायला ते कात्री शोधू लागले. ती टेबलावरच होती, पण हनुवटीखालचं जग आता त्यांना दिसत नव्हतं. चाचपडताना पेन सापडलं, चष्म्याचं घर सापडलं, चहाचा कपही सापडला (आडवा). ते भिंतीकडे तोंड करून चिकटपट्टी ओरबाडू लागले, तेवढ्यात मागे लप्‌ असा आवाज आला. गर्रकन वळले तर आमसुलीचं तोंड पोटाशी! त्यांनी घाबरून दोन उड्या मारल्या. तिने मान वर केली आणि पुन्हा बघत बसली.

ते थांबले की तिची मान खाली. ते नाचले की मान वर. ह्या मुक्या जिवाला आपल्या हट्टापायी पुन्हा टेबलावर झोपावं लागलं, तर? तेव्हापासून ते नाचत राहिले.

चारच्या सुमाराला रिकामे खोके न्यायला भागोजी आला आणि दारातच थबकला.

"भाऊ, ह्यां काय घातलाव गल्यात?"

"कुत्रीसाठी आहे."

"मंग तुमच्या गल्यात कनाला?"

"तिला शिकवतोय."

भागोजीने त्यांच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. पुढून वाचलं, "रत्नागिरी हापूस." मागून वाचलं, "उलटा ठेवू नये." मग कमरेची कोयती उपसून म्हणाला, "बसा खाली. कापून टाकतो."

कोयती पाहून आगाशे गपकन बसले. तेवढ्यात आमसुलीची मान पुन्हा खाली. "राहू दे! राहू दे!" म्हणत ते उठून परत नाचायला लागले. भागोजी खोके न घेताच गेला.

संध्याकाळी सुनेत्रा परतली तेव्हा आमसुली गाढ झोपली होती आणि तिच्यासमोर आगाशे एका पायावर डुलत होते. तिने आधी टाके पाहिले. सगळे शाबूत. मग कात्री घेऊन नवऱ्याला सोडवलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागून प्लास्टिकची कॉलर आणून आमसुलीला घातली.

"ही कधी आणलीस?"

"दवाखान्यातून, तेव्हाच. निघताना तीनदा सांगितलं, दारामागे आहे म्हणून."

"मग मी काय म्हणालो?"

"तिन्ही वेळा हो म्हणालात."

पण त्या कॉलरवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "दिवसभर नाचलात हो तिच्यासाठी." आगाशांना खरंच भरून आलं.

दहाव्या दिवशी डॉ. शमिकांनी टाके काढले. "छान भरलीय जखम. पण आगाशे, तुमच्या मानेला काय झालं?"

मानेवर खोक्यातला कैरीचा चीक उतला होता. लालबुंद फोड, आणि आगाशांचे दोन्ही हात तिथेच.

"माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर अजिबात खाजवायचं नाही."

"ऐकायचे नाहीत हो ते," म्हणत सुनेत्राने आमसुलीच्या गळ्यातली कॉलर सोडवून डॉक्टरांपुढे ठेवली. "हीच, जरा मोठ्या मापात मिळेल का?"