बिराजदार आप्पांचा उत्तर समुद्र

आमच्या गल्लीतल्या बिराजदार आप्पांनी जन्मात मासा खाल्लेला नाही. समुद्रही पाहिलेला नाही. माझ्या स्वयंपाकघरातून बांगड्याचा वास सुटला की ते उपरणं नाकाला लावून मागच्या दारी जाऊन बसतात. आणि याच माणसाच्या बैठकीच्या खोलीत, गुरूंच्या तसबिरीशेजारी, उत्तर समुद्राचा हातभर लांबीचा नकाशा लावलेला आहे. ब्रिटननं किती मासा धरायचा, फ्रान्सनं किती, डेन्मार्कच्या बोटी कुठवर यायच्या, सगळं तोंडपाठ. एकदा होटगी रोडवरच्या न्हाव्याला त्यांनी हे असं रंगवून सांगितलं की तो अर्ध्यावर वस्तरा ठेवून ऐकत बसला. आप्पा अर्ध्या दाढीनं घरी आले आणि संध्याकाळपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे या प्रकरणात सर्वांत जास्त भोगते ती मी. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. सकाळी मी कपडे वाळत घालायला आले की पलीकडून प्रश्न येतो, "बाई, शेटलंड बेटं स्कॉटलंडच्या वर का खाली?" मी म्हणते वर. "म्हंजे हेडलाच की," असं म्हणून ते समाधानानं आत जातात. इकडे माझे डबे भरायचे राहिलेले असतात, बस गाठायची असते, आणि डोक्यात उगाच शेटलंड घुसून बसलेलं असतं.

हे हेड-टेल काय ते सांगायला हवं. आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. मोडनिंबकडच्या चाऱ्यांवर, म्हणजे छोट्या पोटकालव्यांवर, त्यांची सगळी नोकरी गेली. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत तो हेडवाला, पार शेवटी ज्याचं शेत तो टेलवाला. हेडवाला पाणी पुढे सोडत नाही, टेलवाल्याला ते पोचत नाही, आणि मध्ये सायकल धरून आप्पा उभे. त्यामुळे जगातलं कुठलंही भांडण त्यांना सांगा, भावाभावांचं सांगा, नवराबायकोचं सांगा, ते डोळे मिटून ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते असू द्या. ह्यात हेड कोन आन् टेल कोन, एवडं सांगा."

ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडला आणि माशांच्या वाटपावरून दोघांची जुंपली, तेव्हा मी वर्गात दोन तास घसा कोरडा केला. पोरांना काही कळलं नाही. आप्पांना भिंतीवरून सांगितलं, तर त्यांना दोन मिनिटं पुरली.

"पानी ब्रिटनच्या दारातलं," ते म्हणाले. "पर फ्रान्सची मानसं आज्ज्या-पनज्यापासून तितं जाळं टाकत्यात. ह्यो म्हनतो माजी मालकी, त्यो म्हनतो माजी वहिवाट. अवो, हे तर आमच्या अकरा नंबर चारीचं भांडन हाय."

तेव्हापासून मी वर्गात अकरा नंबर चारीच शिकवते. पोरांना लगेच कळतं. आप्पांना मात्र हे सांगितलेलं नाही, नाहीतर ते शाळेत यायला लागतील.

खरं म्हणजे माशांचा पहिला करार आप्पांनी घडवला तो आमच्याच गल्लीत. माझं माहेर मालवणकडचं. लग्न होऊन आले आणि पहिल्याच रविवारी हौसेनं सुरमई तळली. अर्ध्या तासात अख्खी गल्ली दारात. समोरच्या कोरे काकू तर आम्हाला घर सोडायला लावायच्या तयारीनंच आल्या होत्या. आमचे हे नेहमीप्रमाणे गच्चीवर टाकी बघायला निघून गेले. शेवटी आप्पा नाकाला उपरणं लावून मध्ये पडले. दोन्ही बाजू ऐकल्या, हेड-टेल ठरवलं आणि निकाल दिला. आठवड्यात दोन वार, बुधवार आणि रविवार. काकूंच्या बाजूची खिडकी बंद. श्रावणात चूल पूर्ण शाकाहारी. आणि एखादा बुधवार हुकला तर त्याच्या बदल्यात दुसरा वार मिळणार नाही.

"वाटा चुकला, बुडाला," आप्पा म्हणाले.

हा त्यांचा कायदा. शेतकरी लग्नाला गेला आणि आपल्या वेळेला पाण्याची दारं धरायला आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यानं कितीही विनवलं तरी थेंब मिळत नसे. गल्लीतही तेच. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि कोणी किती वेळ मोटर लावायची हे आप्पा ठरवतात. तुमची वीस मिनिटं तुम्ही फोनवर बोलण्यात घालवलीत तर तो तुमचा प्रश्न. मी एकदा तणतणत भांडायला गेले होते. त्यांनी शांतपणे मला खात्याचं जुनं वेळापत्रक दाखवलं आणि चहा दिला. मला आणखीच राग आला.

आता मुख्य गोष्ट. आप्पांना एकच मुलगी, भाग्यश्री. आप्पा तिला भागी म्हणतात. तिची आई ती बारावीत असताना गेली. पोरगी हुशार, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं, नोकरी लागली ती थेट स्कॉटलंडच्या उत्तरेला. फूड लॅबमध्ये आहे, एवढंच तिनं सांगितलं. आप्पांनी गल्लीभर सांगितलं की भागी बिस्किटं तपासते. सहा महिन्यांनी तिनं चुकून एक फोटो पाठवला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला जाळी, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि दोन्ही हातांत बर्फानं भरलेली माशांची पेटी.

आप्पा आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. अकरा नंबर चारीची आठवणसुद्धा काढली नाही. आम्हाला वाटलं, आता पोरीला परत बोलावतात. नवव्या दिवशी ते बाजारात गेले आणि तो नकाशा घेऊन आले. मला म्हणाले, "लेक जितं खपती तितलं बापाला कळाया नको का?"

तेव्हापासून हे सुरू आहे. भागीचा कारखाना बोटींकडून मासा घेतो, साफ करून बर्फात घालतो आणि ट्रकनं फ्रान्सला पाठवतो. दोन्ही सरकारांचं भांडण झालं की सरहद्दीवर कागद तपासत ट्रक उभे राहतात, आणि मासा काही कागदासाठी थांबत नाही. माशांच्या वाटपाच्या कराराला साडेपाच वर्षांचीच मुदत होती. ती संपत आली तशी कारखान्याच्या मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, पुढचं जमलं नाही तर मी कुलूप लावणार. नोकरी गेली की भागीचा व्हिसा गेला. भागी सोलापुरात.

हे कळल्यावर कोरे काकू आनंदानं म्हणाल्या, "बरं होईल की आप्पा. पोरगी घरी येईल."

आप्पा मोठ्या आवाजात फार कमी वेळा बोलतात, त्या दिवशी बोलले. "यायचं आसंल तर तिच्या मनानं यिऊ दे. कारखाना बुडाला म्हनून माजी लेक तोंड पाडून हितं यायची न्हाय."

आणि त्यांनी अर्ज लिहायला घेतला. एक लंडनला, एक युरोपच्या संघाला ब्रुसेल्सला. विषय: उत्तर समुद्रातील मासे वाटपाबाबत. संदर्भ: आपले उभयतांचे भांडण. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मालकी हेडवाल्याची मान्य करून टेलवाल्याची वहिवाट आणखी काही वर्षे चालू ठेवावी, जेणेकरून मधल्या कामगारांचे नुकसान होणार नाही. मी इंग्रजी करून दिलं. सोबत त्यांनी पंचनाम्याचा कोरा छापील फॉर्म जोडला. वाद वाढलाच तर समुद्रावर गावातले पाच प्रतिष्ठित पंच नेऊन माशांचा पंचनामा करावा, अशी त्यांची सूचना होती. मी म्हटलं, "आप्पा, समुद्रात गाव कुठलं?" ते म्हणाले, "जवळचं कुटलंबी चालंल."

लंडनहून दोन ओळींचं उत्तर आलं. आपलं पत्र पोचलं, नोंद घेतली. आप्पांनी ते फ्रेम करून नकाशाखाली टांगलं. ब्रुसेल्सकडून काही आलं नाही. तेव्हापासून त्यांचा कल किंचित लंडनकडे आहे.

त्याच सुमाराला एका बुधवारी ते भिंतीशी आले आणि खाली बघत म्हणाले, "बाई, येकदा मासा दावा." एवढी दोन सरकारं भांडतात ती वस्तू आहे तरी कशी, हे त्यांना बघायचं होतं. मी बाजारातून बर्फातला बांगडा आणला आणि ताटलीत ठेवून भिंतीवर ठेवला. आप्पा उपरणं नाकाला लावून आले. खिशातून खात्याचा टेप काढला, शेपटीपासून तोंडापर्यंत लांबी घेतली. "नऊ इंच," म्हणाले. मला हसू आवरेना. मग त्यांनी एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं आणि बांगड्याच्या पाठीवर टेकवलं. बराच वेळ टेकवून ठेवलं.

"लई गार हाय की वो," ते म्हणाले. उपरणं नाकावरून घसरलं होतं तेही त्यांना कळलं नाही. "भागी दिसभर ह्येच हातात धरती? तिला तर ल्हानपनी हिवाळ्यात गार पानी सोसायचं न्हाय. बंब पेटवून द्यावा लागायचा."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ते बोट धुवायला गेले आणि मला त्या दिवशी बांगडा करावासा वाटेना. तो बुधवार माझा हुकला.

मग मे महिन्यात बातमी आली. दोन्ही सरकारांचं जमलं. बोटींची वहिवाट आणखी बारा वर्षं चालू, आणि सरहद्दीवरची तपासणीही कमी करायचं ठरलं. ब्रिटनचे नाववाले संतापले होते, पण कारखान्यात जल्लोष. भागीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज भिंतीच्या अलीकडे मला ऐकू येत होता. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. कोरे काकूंनी विचारलं, "आता कशाचे?" आप्पा म्हणाले, "टेलला पानी पोचलं." काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पेढा खाल्ला.

त्याच आठवड्यात आमची टाकी फुटली. पाणी यायला अजून तीन दिवस. ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. मी दोन बादल्या घेऊन आप्पांकडे गेले. ते म्हणाले, न्हाणीत पिंप आहे, घ्या. मी आत गेले तर तिथं दोन पिंपं. एक त्यांचं, तळाला आलेलं. दुसरं काठोकाठ भरलेलं, वर झाकण, झाकणावर स्वच्छ धुतलेलं फडकं. पिंपावर जुन्या निळ्या रंगात नाव होतं, भाग्यश्री. कॉलेजात असताना तिचा वाटा वेगळा भरत असत, त्या वेळचं. मी झाकण उचललं, बादली बुडवणार एवढ्यात मागून आवाज आला.

"त्यातलं नको बाई. माज्यातलं घ्या."

मी त्यांच्या पिंपाकडे बघितलं. त्यात जेमतेम दोन बादल्या होत्या, म्हणजे त्यांनाच काही उरलं नसतं. मग माझ्या लक्षात आलं की पाणी येतं त्या प्रत्येक वेळी हा माणूस जुनं पाणी मोगऱ्याला घालतो आणि लेकीचं पिंप पुन्हा भरतो. भागी गेल्यापासून चार वर्षं. अख्ख्या गल्लीला थेंबाथेंबाला नाचवणारा हा माणूस. मला राग आला, आणि तो राग नव्हता हेही कळत होतं, तरी मी बोलून गेले.

"आप्पा, तुमचाच कायदा ना? वाटा चुकला, बुडाला."

ते न्हाणीच्या उंबऱ्याला टेकले. उपरण्यानं उगाच कपाळ पुसलं.

"तितं तसं न्हाय बाई," ते म्हणाले. "माशाच्या वाट्यात तितं येक सवलत हाय. औंदा न्हाय उचलला तर थोडा वाटा फुडच्या सालात वडता येतो. मी वाचलंय."

बारा वर्षं. आप्पा एकाहत्तरचे आहेत. ज्या करारानं लेक तिकडेच राहणार, त्याच करारासाठी या माणसानं दोन सरकारांना अर्ज केले होते आणि पेढेही वाटले होते. मी त्यांच्या पिंपातली एकच बादली भरली.

"त्यो बांगड्याचा बुधवार तुमचा हुकला हुता," ते एकदम म्हणाले. "शुक्कीरवारी करा. कोरेबाईंना मी सांगतो."

मी मान हलवली. बादली उचलली आणि निघाले. ते माझ्यामागून न्हाणीत शिरले, मी सरकवलेलं झाकण जागेवर बसवलं आणि फडकं चारी बाजूंनी सारखं केलं.

"धूळ पडती," ते म्हणाले. "आली की आदी अंगुळ करती ती."