संध्याकाळचं गिऱ्हाईक

नाशवंत मालाचा भाव सूर्य कलला की उतरतो, हा सृष्टीचा नियम असून त्याला आजवर कोणत्याही सरकारने स्थगिती दिलेली नाही. सकाळी हजाराला बोललेली पापलेटची जोडी दिवेलागणीला सहाशेवर येते, अंधार पडला की चारशेवर, आणि त्यानंतर कोळीण स्वतःच म्हणते, "ने रं बाबा, ने." आता शांतपणे विचार करा. विमानातली रिकामी जागा म्हणजे तरी काय? विमान उडालं की ती कुजली. तिला बर्फात घालता येत नाही की उन्हात वाळत टाकता येत नाही. सबब विमानाचं तिकीट ही मासळीच असून ती संध्याकाळी घ्यावी, असा ठराव थळच्या कोळीवाड्यात एकमताने मंजूर झाला. (एक मत विरोधात होतं, ते सुनेचं असल्यामुळे मोजलं नाही.)

निमित्त चंद्राबाईचं. चंद्राबाई ही कोळीवाड्यातल्या सुकी मासळी महिला मंडळाची अध्यक्ष. पूर्वी ती ओली मासळी विकायची. रोज दिवस मावळताना एखादं गिऱ्हाईक पाटीपुढे उभं राहायचं, नाक मुरडायचं आणि मातीमोल मागायचं. एके दिवशी तिचं डोकं फिरलं. "तुला देन्यापरीस उन्हाला फुकट दीन!" असं म्हणून तिने उरलेले बोंबील उचलले आणि घरामागच्या काठ्यांवर टांगले. त्या काठ्यांवर पुढे सगळं मंडळ उभं राहिलं. मंडळाचं तत्त्व एवढंच, की संध्याकाळचं गिऱ्हाईक फिरवायचं. पडलेल्या भावाला माल सोडायचा नाही, मग तो सडला तरी बेहत्तर.

ही कीर्ती कुठून कुठे गेली कोण जाणे, पण लिस्बनहून बोलावणं आलं. छोट्या मच्छीमारांची आंतरराष्ट्रीय परिषद होती, आणि चंद्राबाईने तिथे येऊन हेच तत्त्व जगाला समजावून सांगावं, अशी विनंती होती. राहणं-जेवण त्यांचं. तिकीट आपण काढायचं, पैसे तिथे पोचल्यावर परत मिळणार. मर्यादा साठ हजार.

चंद्राबाईला झालेला आनंद लपत नव्हता. कार्ल्याच्या एकवीरेपलीकडे ती कधी गेलेली नव्हती. तिने हिरवं लुगडं घेतलं, रोज सकाळी काठ्यांवरच्या बोंबलांपुढे उभी राहून भाषण म्हणू लागली, आणि भेटेल त्याला सांगू लागली, "ते लोक जुन्या काळी आपल्या चौलाला येऊन गेलं, पाव खायला शिकवून गेलं. आपून अजून त्यांच्याकडं गेलो न्हाय. बरं दिसतं का ते?" व्हिसाही झटपट मिळाला. (व्हिसाच्या फीमध्ये घासाघीस करता येत नाही, त्यामुळे वेळ वाचतो.)

मग सून रचनाने मोबाईलवर तिकीट बघितलं. अठ्ठावन्न हजार. ती भाबडेपणाने म्हणाली, "आई, काढून टाकू?"

चंद्राबाईचा नवरा तुळशीराम, जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे कप्तान, राहिलेला माणूस, हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "पयल्या भावाला?"

"मर्यादेत बसतंय, मामा," रचना सासऱ्याला म्हणाली.

"बसू दे. पयल्या भावाला घ्यायचं म्हंजे गावात तोंड कसा दावायचा?"

प्रश्न बिनतोड होता. त्याच दिवशी विमानभाडे उतरवणी समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी तुळशीराम. तज्ज्ञ सल्लागार म्हणून चंद्राबाईचा भाचा कमलेश. त्याची किहीमला पर्यटकांसाठी दोन खोल्यांची कॉटेज असून तो एकदा तीन दिवस दुबईला जाऊन आला होता, त्यामुळे आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीवर त्याचा शब्द अखेरचा. रचनाला समितीत घेतलं नाही, तिचा मोबाईल घेतला.

समितीने बाजारातली शास्त्रशुद्ध पद्धत अंगीकारली. पहिली पायरी म्हणजे, जे हवं ते हवंय असं दाखवायचं नाही. कोलंबी न्यायची असेल तर आधी सुरमई विचारावी. त्यानुसार तीन दिवस कोलंबोचं भाडं विचारण्यात आलं, मग नैरोबीचं, आणि मग उगाच आपलं जाता जाता लिस्बनचं. भाडं साठावर गेलं.

"ओळखलंन आपल्याला," तुळशीराम म्हणाला.

कमलेशने दुजोरा दिला. वेबसाईट गिऱ्हाईक ओळखते, असं त्याला दुबईत कोणीतरी सांगितलं होतं. मग तोंड बदलायला हवं. रचनाचा मोबाईल बाद झाला, शेजारचा आणला, पलीकडचा आणला, आणि आपल्या बाईसाठी एवढं तरी करू म्हणून अख्खा कोळीवाडा आपापल्या घरी बसून लिस्बनचं भाडं विचारू लागला. त्या आठवड्यात जगात लिस्बनला जायची सर्वाधिक घाई थळला होती. (लोकसंख्येच्या प्रमाणात, आकडेवारी समितीची.) एवढी गर्दी बघून भाडं त्र्याहत्तरवर गेलं. म्हातारा रंगू, जो रेवसच्या पुढे कधी गेला नाही, त्याला मोबाईलवर लिस्बनमधल्या समुद्रकिनारी हॉटेलांच्या जाहिराती येऊ लागल्या. "समुद्र बघायला पैसं देतात?" असं विचारत तो त्या दारोदार दाखवत फिरला.

आता दुसरी पायरी. भाव ऐकायचा, "नको, र्‍हाऊं दे" म्हणायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. विकणारा पाचव्या पावलाला हाक मारतोच. समितीने भाडं उघडलं, तुळशीराम मोबाईलला उद्देशून "र्‍हाऊं दे तुझ्याकडंच!" असं स्पष्ट म्हणाला, आणि पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच संदेश आला. रचनाने वाचून दाखवला: तुमचा लिस्बनचा प्रवास तुमची वाट पाहत आहे.

"हाक मारली!" तुळशीराम ओरडला. कोळीवाड्यात पेढे वाटले. चंद्राबाईच्या जिवात जीव आला, कारण परिषद तोंडावर आली होती. कमलेशने पान उघडलं. ब्याऐंशी हजार.

"हाक मारली म्हंजे गरजू हाय," तुळशीराम म्हणाला. "अजून ताणा."

या दरम्यान एक स्वस्त तिकीट सापडलंही होतं. तीन ठिकाणी विमान बदलायचं, एका विमानतळावर एक अख्खा दिवस बसायचं, सामानाचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे, खिडकीशी बसायचे वेगळे. चंद्राबाईने ते ऐकून कपाळावर हात मारला. "म्हंजे डोका वेगला, शेपूट वेगली, काटा वेगला? आमी बोंबील असा इकला तर लोक पाटी डोक्यात घालतील."

रचनाने आणखी दोनदा सांगून बघितलं, "आई, कर्ज काढू, पण तिकीट काढू." चंद्राबाईचं मन हललं होतं. पण घरात तांडेल, गावात समिती, आणि भाव उतरल्याशिवाय घेतलं तर जन्मभर लोक म्हणणार, अध्यक्षीणबाई फसली. ती गप्प बसली. ती गप्प बसली याचं तिला पुढे सगळ्यात वाईट वाटलं.

उरली ती तिसरी पायरी, संध्याकाळची. विमान रात्रीचं होतं. बाई हिरवं लुगडं नेसली, पिशवीत मंडळाच्या जवळ्याचे, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोलंबीचे, नमुने घेतले, आणि सगळी समिती मांडव्याहून बोटीने मुंबईला, तिथून विमानतळावर पोचली. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून बाहेरच्या खिडकीशी गेले. खिडकीत एक तरुण मुलगी होती. साक्षी, असं छातीवर लिहिलेलं. तिने संगणकात बघितलं आणि म्हणाली, "एक लाख सेहेचाळीस हजार."

"जागा रिकाम्या हायत ना?" तुळशीराम डोळा बारीक करून म्हणाला.

"आहेत, काका."

"मग घंट्याभरानं वाया जातील. पंचावन्न घे, आनी सोडून दे."

"नाही हो, काका."

"छप्पन."

"काका, रिकामी गेली तरी चालेल, पण या भावाला नाही देणार."

तुळशीराम "र्‍हाऊं दे" म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला. पाच पावलं झाली. दहा झाली. गाड्या लावायच्या जागेपर्यंत तो अगदी सावकाश, एक कान मागे ठेवून गेला. हाक आली नाही.

चंद्राबाई मात्र खिडकीशीच उभी होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तरी ती त्या मुलीकडे टक लावून बघत होती. कारण मुलगी जे बोलली होती, ते चंद्राबाईचंच भाषण होतं. लिस्बनला जाऊन जगाला जे सांगायचं होतं, ते या पोरीला तोंडपाठ होतं. आणि आज पाटीपुढे नाक मुरडून उभं राहिलेलं संध्याकाळचं गिऱ्हाईक चंद्राबाई होती.

"पोरी," ती लुगड्याला डोळे पुसत म्हणाली, "आमच्या मंडलात ये गो. तुझ्यासारखी पायजेल." आणि जवळ्याची एक पुडी तिच्या हातात ठेवून ती परत फिरली. डोक्यावरून विमान गेलं. त्यात तिची जागा रिकामी होती, आणि कोणी ती मातीमोल विकली नव्हती.

भाषण झालं. परिषदेने ते मोबाईलवरून ऐकलं. रचनाने मोबाईल धरला, मागे बोंबील वाळत होते, आणि शेवटी लिस्बनची सगळी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. समितीने अहवालात हे यश स्वतःच्या नावे नोंदवलं: भाडे अठ्ठावन्न हजारांवरून थेट शून्यावर आणण्यात आले.

आता वाचकांविषयी दोन शब्द. आपण थळकरांना मनसोक्त हसलात, आनंद आहे. सुट्टीत आपण किहीमला येता, कमलेशच्या कॉटेजला तो सांगेल ते भाडं निमूट देता, आणि परतताना, दिवस कलल्यावर, चंद्राबाईच्या पाटीपुढे उकिडवे बसून जवळ्याच्या वाट्यामागे दहा रुपये कमी करायला सांगता. ती "न्हाय" म्हणते. आपण उठून गाडीकडे अगदी सावकाश चालू लागता.

परदेशी विमानाचं तिकीट सगळ्यात स्वस्त नक्की कधी मिळतं, हे चंद्राबाईला आता पक्कं ठाऊक आहे. ती ते कोणालाही सांगते, फुकट सांगते. अट एवढीच, की विचारणाऱ्याने तिने सांगितलेल्या पहिल्या भावाला जवळा घेतलेला असावा. म्हणूनच ते आपल्याला अजून कळलेलं नाही.