रमाताईंचे आठ जोड

चि. ईशान आणि चि. अन्वी,

तुम्ही वाढदिवसाला पाठवलेले हेडफोन मी वापरत नाही, हे तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं आणि परवा फोनवर तुम्ही दोघं एकदम गप्प झालात. म्हणून हे लिहायला बसले. ते हरवलेले नाहीत, मोडलेलेही नाहीत. सध्या ते एका शिकाऊ वैमानिक मुलीच्या डोक्यावर असतात आणि तिच्याबरोबर उडतात. हे कसं झालं ते समजायला आमच्या खालच्या मजल्यावरच्या रमाताई जाधव तुम्हाला माहीत हव्यात.

रमाताई माणसांची पारख जोडावरून करतात. अंधेरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्या रेडिओच्या लाइनवर डाग देत होत्या, म्हणजे कथील वितळवून तारा जोडत होत्या. डाग नीट तापला नाही तर जोड वरून ठीक दिसतो, हलवला की सुटतो. त्याला त्या ‘गार जोड’ म्हणतात. आमचे सेक्रेटरी टाकी साफ करून घेण्याचं आश्वासन देऊन गेले, की या त्यांच्या पाठीकडे बघत म्हणतात, “बाई, जोड गार आहे.” जिन्यात नवं जोडपं भेटलं, तर दोघांना न्याहाळून, “हां, हा टिकेल.” मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून त्या मला बाई म्हणतात. माझ्याबद्दल त्यांचं मत काय, ते मी अजून विचारलेलं नाही.

हळद मागायला आल्या असताना त्यांनी तुमचा खोका पाहिला. हेडफोन कानाला लावले. खाली सोसायटीचा पंप चालू होता. त्याची घरघर त्यांच्यापुरती बंद झाली. अर्धं मिनिट त्या हलल्या नाहीत.

“बाई, हे उघडू का?”

“का? बिघडलंय?”

“नाही ना. म्हणून तर.”

कारण होतं प्राजक्ता, त्यांच्या भावाची मुलगी. ती एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकते. क्लबातला जुना हेडसेट तिला सैल व्हायचा. इंजिनाच्या आवाजात टॉवरचं बोलणं कळायचं नाही, ती दोनदोनदा विचारायची. शिक्षकांनी बजावलं होतं, नीट ऐकू येत नाही तोवर एकटीला सोडणार नाही. बरोबरीची मुलं एकटी उडून आली होती. ही राहिली होती. हे ऐकून मी खोका रमाताईंच्या हातात दिला.

प्राजक्ताने क्लबातल्या एका मोडक्या हेडसेटची माइकची दांडी आणि वायर आणून दिली. वायरीला दोन पिना होत्या, जाड कानासाठी, बारीक तोंडासाठी. रमाताईंनी ते सगळं तुमच्या हेडफोनला जोडलं. एकूण आठ जोड. त्यांची अट एकच होती. “बॅटरी मेली तरी ऐकू आलं पाहिजे आणि बोलता आलं पाहिजे. वर आकाशात चार्जर कुठला?”

चाचणी जवळच्याच गोडदेव भागातल्या पिठाच्या गिरणीत झाली, कारण रमाताईंच्या मते विमानाच्या सगळ्यात जवळचा आवाज तोच. त्यांनी एक डबी केली होती. तिच्यात आमच्या हेडसेटच्या आणि क्लबातून मागून आणलेल्या दुसऱ्याच्या पिना खोचल्या की एकीचं बोलणं दुसरीच्या कानात जायचं. मी गव्हाच्या पोत्यावर हेडसेट लावून बसले आणि भिंतीवरची पाटी माइकमध्ये वाचली, “ज्वारी, बाजरी, भाजणी, मसाला दळून मिळणार नाही.” पलीकडून रमाताई म्हणाल्या, “माइक ओठाजवळ घ्या. तुम्ही वर्गात नाही, विमानात आहात.” गिरणीवाले भय्या म्हणाले, “माताजी, जहाज उड़ाना है तो पहले आटा ले जाओ, दो दिन से पड़ा है.” मध्येच रमाताईंनी न सांगता माझ्या हेडसेटची बॅटरी बंद केली. गिरणीची घरघर कानात शिरली, पण त्यांचा आवाजही येत राहिला. मी पाठभर उडालेलं पीठ घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता हेडसेट न्यायला येणार होती. सकाळी रमाताईंनी मला बोलावलं. कारखान्याचा नियम होता, आपलं काम आपण पास करायचं नाही. मी कानाला हेडसेट लावायचा आणि त्याच्या उघड्या ठेवलेल्या कानाच्या वाटीतल्या प्रत्येक जोडावर पेन्सिलीच्या रबराने हलकेच ठोकायचं.

सात जोड गप्प राहिले. आठव्याला कानात कर्र झालं.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चहा ठेवला होता, प्राजक्तासाठी नारळाच्या वड्या केल्या होत्या. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा कर्र.

“रमाताई, हा गार आहे.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत बसल्या.

“मला वाटलंच. मी बघते तिथेच पुसल्यासारखं दिसतं, बाई. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आता सुधारणार नाही.” मग म्हणाल्या, “एकतीस वर्षांत इतके जोड केले, एकही कुठे गेला माहीत नाही. हा तरी आपल्या पोरीच्या कानाला लागेल, असं वाटलं होतं.”

त्यांनी डागणी, म्हणजे डाग द्यायची कांडी, तापवली आणि माझ्या हातात दिली.

“अहो, मला येत नाही.”

“मला दिसत नाही. धरा. आधी तार तापवा, कथील नंतर. फुंकर मारू नका. हलू नका. हलू नका म्हटलं ना.”

तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा त्यांनी स्वतः हेडसेट लावला, बोटाने चाचपून जोड शोधला, पेन्सिलीने ठोकला आणि डोळे मिटून ऐकलं.

“पास.”

प्राजक्ताला त्यांनी सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. क्लबातल्या शिक्षकांनी हेडसेट आधी जमिनीवर, इंजिन चालू ठेवून तपासला. मग काही दिवस ते स्वतः शेजारी बसून उडाले. त्यानंतर ती एकटी उडाली. खाली उतरून तिने आत्याला फोन केला. रमाताईंनी विचारलं, “कोणाला दोनदा विचारावं लागलं का?” नाही म्हणाली. फोन ठेवल्यावर त्या वडीचा डबा घेऊन वर आल्या आणि माझ्याकडे संध्याकाळपर्यंत बसल्या.

त्यानंतर त्यांनी डागणी हातात घेतलेली नाही. हेडसेटमधले सात जोड त्यांचे आहेत, एक माझा. आजपर्यंत आठही टिकून आहेत.

तुमची,
आजी